प्रौढांच्या वर्गाआधी पूर्वचाचणी: कोल्हापूर परिसरातल्या प्रशिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

उद्यमनगर-शिरोलीतल्या कामगारांचा मोजमापाचा वर्ग, राजारामपुरीत संध्याकाळी भरणारा स्पोकन इंग्लिशचा क्लास, करवीर तालुक्यातल्या बचत गटांचं हिशेबाचं प्रशिक्षण, दुकानदारांसाठी टॅली आणि जीएसटी. असे वर्ग घेणारी मंडळी पूर्वचाचणीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. शाळेच्या मुलांचा विचार यात नाही. कामधंदा, दुकान किंवा संसार सांभाळून शिकायला येणारी मोठी माणसं डोळ्यांसमोर आहेत.

पूर्वचाचणी म्हणजे प्रवेश परीक्षाच ना?

नाही. प्रवेश परीक्षेत कोणाला घ्यायचं ते ठरतं. पूर्वचाचणीत सगळ्यांना घेतलेलंच असतं. यांना काय येतं, काय येत नाही, कुठून सुरुवात करायची आणि काय सरळ सोडून द्यायचं, एवढंच त्यातून बघायचं. शाळेत शिकवणाऱ्यांना २०१५ पासूनची पायाभूत चाचणी, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला मुलांना काय येतं ते बघणारी, आठवत असेल. हेतू तोच, पण माणसं वेगळी, त्यामुळे रीतही वेगळी. इथे पास-नापास नाही, नंबर नाही, सर्टिफिकेटवर या मार्कांचा उल्लेखही नाही.

मोठ्या माणसांना परत पेपर कशाला? पहिल्या दिवसापासून शिकवायला सुरुवात केली तर काय बिघडतं?

एकाच बॅचमध्ये कोण कोण बसलेलं असतं ते बघा. एक जण पंधरा वर्षं लेथवर काढलेला, त्याच्या शेजारी नुकताच आयटीआय झालेला पोरगा, आणि मागच्या बाकावर गेल्या वर्षापर्यंत शेती बघणारा, आता फाउंड्रीत हेल्पर म्हणून लागलेला. तिघांना एकच धडा पहिल्यापासून सांगितला तर पहिला कंटाळतो, तिसऱ्याच्या डोक्यावरून जातं आणि शिकवणं फक्त मधल्याला लागू पडतं. प्रौढ शिक्षणावर लिहिणाऱ्या माल्कम नोल्स यांनी १९७० च्या दशकात हाच मुद्दा लावून धरला होता: मोठा माणूस वर्गात येतो तो स्वतःचा अनुभव घेऊन, आणि तो अनुभव बाजूला ठेवून शिकवता येत नाही.

वेळेचा हिशेबही आहे. दोन तासांच्या वर्गासाठी कोणी ओव्हरटाइम सोडलेला असतो, कोणी दुकान पोरावर टाकून आलेला असतो. त्याला येत असलेलंच दोन दिवस ऐकवलं तर तो भांडत नाही. तिसऱ्या दिवशी येत नाही, आणि विचारलं तर "घरात पाव्हणं आल्यात" असं सांगतो.

तिसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मोठ्या माणसाला एखादी गोष्ट अजिबात येत नसते तेव्हा शिकवणं सोपं जातं. अर्धवट आणि चुकीची येत असते, शिवाय त्यावर वर्षानुवर्षं काम भागलेलं असतं, तेव्हा खरी अडचण. डेव्हिड औसुबेल या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली सांगून ठेवलंय की शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे याचा होतो. ते आधी शोधा आणि मग शिकवा. हे शोधायचं एक हत्यार म्हणजे पूर्वचाचणी.

आता एक अट. चाचणीचे निकाल बघून तुम्ही शिकवण्यात काही बदलणार नसाल, तर ती घेऊ नका. पुष्कळ ठिकाणी पूर्वचाचणी होते ती फायलीसाठी. पेपर लिहून घेतात, गठ्ठा कपाटात जातो आणि दुसऱ्या दिवशी ठरलेलाच पहिला धडा सुरू होतो. असा पेपर लिहिणाऱ्याला ते दोन दिवसांत कळतं, आणि पुढच्या वेळी तो मनापासून लिहीत नाही.

पेपर म्हटल्यावर लोक घाबरतात. दुसऱ्या दिवशी निम्मी बॅच गळते. काय करायचं?

भीती खरी आहे, तिला हसू नका. आठवीत किंवा दहावीत नापास होऊन शाळा सोडलेल्या माणसाला प्रश्नपत्रिका हातात आली की तेच आठवतं. त्यात शेजारी आपल्याच खात्यातला पोरगा बसलेला असतो, किंवा सुपरवायझर. बायकांच्या वर्गात एकीची जाऊ दुसऱ्या बाकावर असते. चार लोकांत आपलं अडाणीपण उघडं पडेल ही धास्ती मार्कांपेक्षा मोठी असते.

म्हणून काही गोष्टी आधीच ठरवून टाकाव्यात. चाचणी पहिल्या अर्ध्या तासात नको. आधी ओळखी होऊ द्या, चहा होऊ द्या, कोर्समध्ये काय काय आहे ते सांगा. मग सांगा की हे मार्क कुणाला कळणार नाहीत, आणि खरोखरच कळू देऊ नका. पेपरवर नावाऐवजी नंबर घालायचा आणि नंबर-नावाची यादी फक्त शिकवणाऱ्याकडे ठेवायची. लाल पेन घरी ठेवा. पेपरच्या माथ्यावर "परीक्षा" हा शब्दच नको. "आपल्याला काय शिकायचंय ते ठरवू या" असं लिहिलेलं चालतं.

बोलण्याची पद्धतही बघा. "मला तुमची लेव्हल बघायची आहे" असं ऐकलं की माणूस आक्रसतो. "मामा, तुमचं काम बघून मला शिकवायचं ठरवायचंय, उगाच तुम्हाला येतंय तेच सांगत बसायला नको" असं म्हटलं की तोच माणूस सरसावून बसतो. आणि पहिला प्रश्न असा ठेवा की तो प्रत्येकाला यायलाच हवा. पहिल्याच प्रश्नाला पेन अडलं की पुढचा सगळा पेपर कोरा येतो.

किती प्रश्न आणि किती वेळ?

पंधरा ते वीस प्रश्न, पंचवीस मिनिटं. बारा तासांच्या छोट्या कोर्सला आठ-दहा प्रश्नही पुरतात. वेळ संपली म्हणून पेपर ओढून घेऊ नका. वेगाचं मोजमाप करायचं नसेल तर घड्याळाचा धाक काय कामाचा? टायपिंगची गोष्ट वेगळी, तिथे मिनिटाला किती शब्द हाच प्रश्न असतो.

चाचणीची वेळ मात्र विचार करून निवडा. रात्रपाळी करून सकाळी आलेल्या माणसाचे मार्क त्याच्या झोपेचे असतात. खेड्यातल्या महिलांचा वर्ग असेल तर संध्याकाळी डेअरीला दूध घालायच्या वेळेला हात लावू नका. एकीनं घड्याळाकडं बघितलं की सगळ्यांचं लक्ष धारंकडं जातं. दुपारी दोन ते चार ही वेळ चांगली.

प्रश्न कसे काढायचे? पुस्तकातले घेतले तर चालतील?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. प्रश्नाचं काम बरोबर-चूक सांगणं एवढंच नाही, कुठे चुकतंय ते दाखवणं आहे.

व्हर्निअर कॅलिपरचं, म्हणजे जबड्यात जॉब (मशीनवरचा भाग) धरून बारीक माप घ्यायच्या साधनाचं, उदाहरण घेऊ. चित्र असं: मुख्य पट्टीवर २३ मिमी, लघुतम माप (या साधनानं मोजता येणारं सगळ्यात छोटं माप) ०.०२ मिमी, आणि व्हर्निअरची सातवी रेघ जुळलेली. रीडिंग किती? बरोबर उत्तर २३ अधिक सात गुणिले ०.०२, म्हणजे २३.१४ मिमी. आता पर्यायांत २३.७ आणि २३.०७ मुद्दाम ठेवा. २३.७ वर खूण करणाऱ्यानं सात हा आकडा नुसता पॉइंटपुढे चिकटवला आहे. त्याला दशांश-शतांशापासून सांगावं लागणार. २३.०७ म्हणणाऱ्याला स्थानिक किंमत कळते, पण त्यानं लघुतम माप ०.०१ धरलं, मायक्रोमीटरवर हात बसलेला माणूस पुष्कळदा असं करतो. त्याचं काम पंधरा मिनिटांत होतं. दोघांचंही उत्तर चूकच, पण एकाला दोन वर्ग द्यायचे आहेत आणि दुसऱ्याला पाव तास. पर्यायात नुसते १८.५ आणि ४१.२ असे कुठलेही आकडे भरले असते तर हे कळलं नसतं.

जीएसटीच्या वर्गातही हेच. "करासह किंमत १,१८० रुपये, दर १८%, मूळ किंमत किती?" उत्तर १,०००. पण १,१८० चे १८% काढून ते वजा करणारे बरेच भेटतात. त्यांचं उत्तर ९६७.६० येतं. म्हणजे त्यांना टक्केवारी येते, टक्के कशावर काढायचे तिथे गोंधळ आहे. ९६७.६० हा आकडा पर्यायात असायलाच हवा.

चुकीचे पर्याय आणायचे कुठून? गेल्या बॅचच्या वह्यांतून. लोक ज्या चुका खरोखर करतात त्याच घ्या. पुस्तकातले प्रश्न इथे फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण ते धडा झाल्यावर विचारायला बनवलेले असतात.

शक्य असेल तिथे कागद सोडाच. मोजमापाच्या वर्गात टेबलावर तीन जॉब ठेवा, त्यांची मापं तुम्ही आधी घेऊन ठेवलेली. एकेकाला बोलवा आणि मापं घ्यायला सांगा. आकडा काय सांगतो ते ऐकाच, पण हातांकडे जास्त बघा. कॅलिपर हातात घेतल्यावर त्यानं आधी जबडे मिटवून शून्य जुळतंय का बघितलं का? जॉब तिरका धरला का? जबडे दाबून आवळले का? आकडा बरोबर आला आणि शून्य बघितलंच नाही, तर आजचं उत्तर नशिबाचं. शून्यात फरक असलेला कॅलिपर हातात पडला की हा माणूस अख्खा लॉट रिजेक्ट करून ठेवेल आणि दोष मशीनला देईल.

स्पोकन इंग्लिशमध्ये "स्वतःची ओळख करून द्या" हा प्रश्न बाद करा. ती चार वाक्यं सगळ्यांनी पाठ केलेली असतात. "गारगोटीहून येणारी एसटी चुकली, कामावर अर्धा तास उशीर होणार, हे मॅनेजरला फोनवर सांगा" असं म्हटलं की खरं काय ते दोन मिनिटांत कळतं.

चार पर्यायांतला एक अंदाजानं ठोकला तर? कसं ओळखायचं?

एकट्या प्रश्नावरून ओळखता येत नाही. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि माणसानं डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरीनं पाच बरोबर येतात. त्यामुळे वीसपैकी सहा मिळवणाऱ्याला "तीस टक्के येतं" असं म्हणणं धाडसाचं आहे.

दोन उपाय. पहिला, प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही" हा पर्याय द्या आणि सांगा की तो निवडण्यात कमीपणा नाही, उलट माझं काम सोपं होतं. दुसरा, उत्तरापुढे दोन चौकोन: "खात्री" आणि "अंदाज". यातून एक वेगळाच गठ्ठा हाती लागतो, खात्रीनं चुकलेल्यांचा. पेपर तपासताना तो आधी बाजूला काढा. अंदाजानं चुकलेला सांगितल्यावर लगेच ऐकतो. खात्रीनं चुकलेला ऐकत नाही, त्याला करून दाखवावं लागतं, आणि कारखान्यात किंवा हिशेबात महागात पडतात त्या बहुतेक याच गठ्ठ्यातल्या चुका.

उणे मार्क मात्र ठेवू नका. ते स्पर्धा परीक्षांना ठीक. इथे त्यानं माणूस पेन खाली ठेवतो.

लिहिता-वाचता न येणाऱ्यांची पूर्वचाचणी कशी घ्यायची?

तोंडी. आणि इथेच बऱ्याच जणांचा अंदाज साफ चुकतो.

बचत गटाच्या बैठकीत पाटीवर लिहा: "मुद्दल ५,००० रुपये, दरमहा दर २%, मुदत ३ महिने, सरळव्याज काढा." सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतील. मग पाटी पुसून विचारा: "मावशी, शेकडा दोननं पाच हजार उचललं, तीन महिन्यांनी फेडलं, तर व्याज किती द्यायचं?" उत्तर तोंडावर येतं, "तीनशे की ओ!" वर "मुद्दल थोडं थोडं फेडलं तर कमी बसतंय" हेही ऐकायला मिळतं. लेखी पेपर घेतला असता तर या बाईंच्या नावापुढे शून्य पडलं असतं आणि कोर्सचे पहिले चार दिवस व्याज शिकवण्यात गेले असते.

मग या मावशींना काय येत नाही? गटाचं रजिस्टर पुढे ठेवा आणि ते तीनशे कुठल्या रकान्यात जातील ते विचारा. तिथे बोट थांबतं. म्हणजे शिकवायचं ते रजिस्टर. व्याज त्यांना शिकवायची गरज नाही, उलट तुम्हीच त्यांच्याकडून शिकाल.

तोंडी चाचणी एकेकीची, बाजूला बसून घ्या. दहा मिनिटं प्रत्येकी, त्यामुळे वीस जणींना दोन दुपारी लागतील. चार जणींना एकत्र बसवून घेतली तर जी धीट ती बोलते आणि बाकीच्या मान डोलावतात.

साक्षरतेचेच वर्ग घेत असाल तर वाचन, लेखन आणि अंकज्ञान वेगवेगळं तपासा. २०२२ पासून चालू असलेल्या उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमात, शेवटी जी चाचणी होते ती १५० गुणांची असते आणि या तिन्ही भागांना प्रत्येकी ५० गुण असतात. तीच विभागणी सुरुवातीला वापरली तर पुढे ताडून बघायला सोपं. पन्नाशीतल्या माणसाला अंक बहुतेक येतातच. एसटीचा, केएमटीचा नंबर तो बरोबर ओळखतो, मोबाईल लावतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं त्या मुलखातही अशी माणसं आहेत, आणि त्यांना कोऱ्या पाटीचं समजून "एक, दोन"पासून सुरुवात केली की ती दुखावतात.

सरळ विचारलं तर? "तुम्हाला एक्सेल कितपत येतं?" म्हणजे पेपरची कटकटच नको.

विचारा जरूर, पण त्यावर कोर्स बेतू नका. माणसं खोटं बोलतात असं नाही. ज्याला विषयाचा आवाकाच माहीत नाही, त्याला आपल्याला किती येत नाही हेही कळायचं साधन नसतं. एक्सेलमध्ये रकाने भरून बेरीज करणारा दहापैकी आठ देतो. पिव्हट टेबल (मोठ्या यादीचा गोषवारा काढायची एक्सेलमधली सोय) बघितलेला पाच देतो.

यातून पुढे गंमत होते. तोच आठवाला कोर्स झाल्यावर स्वतःला सहा देतो. कागदावर दिसतं की तुमच्या कोर्समुळे त्याचं एक्सेल बिघडलं! प्रत्यक्षात त्याची फूटपट्टी बदललेली असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये याच गोष्टीकडे लक्ष वेधलं होतं. स्वतःचं मत विचारायचंच असेल तर कोर्सच्या शेवटी दोन्ही प्रश्न एकदम विचारावेत: आज किती येतं, आणि आज मागे वळून बघता सुरुवातीला किती येत होतं?

फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून घरून भरून घेतला तर?

कोर्ससाठी नाव, पाळी, कामाचं स्वरूप, मोबाईल की कॉम्प्युटर वापरतात, एवढी माहिती घ्यायला ठीक. चाचणी म्हणून नको. पोरगा कॉलेजला असला की फॉर्म तोच भरतो, आणि तुम्ही त्या पोरासाठी कोर्स आखून बसता.

शिकवायच्या आधीच प्रश्न विचारले तर चुकीची उत्तरंच डोक्यात पक्की होणार नाहीत का?

शंका रास्त आहे, पण अनुभव आणि संशोधन दोन्ही उलट बाजूचे आहेत. २००९ मध्ये अमेरिकेतल्या रिचलंड, कॉर्नेल आणि काओ या संशोधकांनी प्रयोगांत काही जणांना मजकूर वाचायच्या आधी त्यावरचे प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं बहुतेक चुकलीच. तरीही वाचून झाल्यावर, ज्यांना आधी प्रश्न विचारले नव्हते त्यांच्यापेक्षा यांना ते मुद्दे जास्त आठवले. प्रश्नाशी एकदा झटापट झाली की उत्तर समोर आल्यावर ते पकडायला डोकं तयार असतं.

पण एक पथ्य आहे. बरोबर उत्तर पुढे मिळालं पाहिजे. चाचणी घेतली आणि त्या प्रश्नांचा विषय कोर्समध्ये कधी निघालाच नाही, तर तुमची शंका खरी ठरू शकते. म्हणून शिकवताना त्या त्या जागी आल्यावर सांगायचं: "पहिल्या दिवशीचा सातवा प्रश्न आठवतोय का? तो हा." वर्गात लगेच कुजबूज होते, "आयला, मी तेवीस पॉइंट सात लिवलं होतं!" असं माणूस स्वतःहून सांगतो तेव्हा पहिल्या दिवसाची भीती गेलेली असते.

निकाल लोकांना सांगायचा का?

प्रत्येकाला त्याचा स्वतःचा, एकट्याला, आणि मार्कांऐवजी शब्दांत. "तुमचं मोजणं पक्कं आहे, ड्रॉइंग वाचणं घ्यायचं आहे" एवढं पुरतं. सगळ्या बॅचला फक्त प्रश्नवार चित्र सांगा: तिसरा बहुतेकांना आला, नववा कोणालाच नाही, तर नववा आपण बुधवारी घेऊ. सर्वांत जास्त मार्क कोणाला, हे विचारलं तरी सांगू नका. विचारणारा तोच असतो ज्याला ते आपणच आहोत असं वाटत असतं.

निकालात जमीन-अस्मानाचा फरक निघाला. एकच खोली, एकच शिक्षक. आता?

दोन बॅच करायला जागा आणि पगार असेल तर करा, विषय संपला. नसेल तर पहिला तास सगळ्यांचा एकत्र, दुसऱ्या तासाला सराव वेगवेगळा. ज्यांना येतं त्यांच्यापुढे कठीण ड्रॉइंग, बाकीच्यांकडे तुम्ही स्वतः.

येणाऱ्याला शेजाऱ्याला शिकवायला लावा हा सल्ला सगळीकडे मिळतो. चालतो, पण जरा बघून. वयानं लहान पोरगा चाळीस वर्षांच्या मामांना शिकवायला बसला की मामा गप्प होतात. दोघं समवयस्क असतील, किंवा लहानाला कॉम्प्युटर येतो आणि मोठ्याला मशीन, अशी देवाणघेवाण असेल तर जोडी जमते. खात्यात ज्यांचं आपसात पटत नाही त्यांची जोडी चुकूनही लावू नका, आणि हे कुठल्याच चाचणीत दिसत नाही. चहाच्या वेळी कळतं.

कोर्सच्या वेळापत्रकात सुरुवातीलाच थोडी मोकळी जागा ठेवावी. बारा दिवसांचा कोर्स असेल तर दहाच दिवसांचे विषय पक्के छापायचे. उरलेले दोन दिवस पूर्वचाचणी ठरवेल.

शेवटी परत चाचणी घेऊन प्रगती किती झाली ते कसं दाखवायचं?

नुसती वजाबाकी फसवते. एकाचे ४० वरून ७० झाले, दुसऱ्याचे ८० वरून ९०. पहिल्यानं तीस कमावले आणि दुसऱ्यानं दहाच, असं म्हणावंसं वाटतं. पण दुसऱ्याला कमवायला जागाच वीसची होती. त्यामुळे वाढलेले मार्क भागिले वाढायला शिल्लक असलेले मार्क, असं बघा: पहिल्याचं ३० भागिले ६०, दुसऱ्याचं १० भागिले २०, दोन्ही ०.५. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ कोर्समधल्या ६,५४२ विद्यार्थ्यांची पूर्व आणि उत्तर चाचणी याच रीतीनं ताडून बघितली. नुसतं व्याख्यान झालेल्या वर्गांची सरासरी ०.२३ आली आणि विद्यार्थ्यांना हातानं-डोक्यानं गुंतवून ठेवणाऱ्या वर्गांची ०.४८. सुरुवातीची चाचणी नसती तर हा फरक दिसलाच नसता.

ही सरासरी बॅचची काढा. एकेका माणसाचा आकडा काढून त्याच्यापुढे धरू नका. पंधरा-वीस जणांच्या बॅचमध्ये एक-दोघांची तब्येत बरी नसली तरी आकडा हलतो.

शेवटी तोच पेपर परत देऊ नका, उत्तरं लक्षात राहतात. प्रश्नाची जात तीच, आकडे वेगळे. आणि जमलं तर महिन्याभरानं खात्यात जाऊन बघा. प्रशिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या, त्यांत वर्गात शिकलेलं ही दुसरी आणि कामावर वागण्यात आलेला बदल ही तिसरी. पूर्व-उत्तर चाचणी दुसरीपर्यंतच नेते. शून्य बघूनच माप घ्यायची सवय लागली का, हे मशीनपाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

कंपनी पैसे भरते आणि पूर्वचाचणीचे मार्क नावानिशी मागते. द्यायचे?

नाही, आणि हे पैसे घ्यायच्या आधी सांगायचं. ऑर्डर घेताना पत्रातच लिहा की पूर्वचाचणीचा निकाल फक्त बॅचचा एकत्रित मिळेल. एकदा का या मार्कांवरून कुणाची पगारवाढ अडली किंवा कुणाला दुसऱ्या खात्यात टाकलं, ही बातमी औद्योगिक वसाहतीत चहाच्या टपरीवर पोचायला संध्याकाळ लागत नाही. त्यानंतर तुमच्या कुठल्याच वर्गात खरं उत्तर मिळणार नाही. सगळे आदल्या बॅचकडून पेपर मिळवून येतील.

मालकांची बाजूही समजून घ्यावी. त्यांना खर्चाचं काय झालं ते हवं असतं. कोर्सनंतरचं, कामावर दिसणारं कौशल्य त्यांना दाखवा, तेही कामगाराला सांगून. निकाल कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. माहिती ज्या कामासाठी आणि ज्या संमतीनं घेतली त्याच कामाला वापरायची. कोर्स संपून हिशेब झाला की पेपर फाडून टाका.

आरपीएल म्हणतात ते हेच का?

नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतल्या आरपीएलमध्ये (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग, म्हणजे आधीच्या शिक्षणाला मान्यता) कामातून शिकलेल्या माणसाचं आधीचं कौशल्य तपासून त्याला प्रमाणपत्र देतात. पूर्वचाचणीतून प्रमाणपत्र मिळत नाही. पण चाचणीत एखादा माणूस सगळंच उत्तम करत असेल तर त्याला तुमच्या कोर्सऐवजी आरपीएलची वाट दाखवणं जास्त प्रामाणिकपणाचं.

सगळ्यांना सगळंच आलं, किंवा कोणालाच काही आलं नाही, तर?

सगळ्यांना आलं तर आधी पेपरवर संशय घ्या. प्रश्न फार सोपे असतील. दुसऱ्या दिवशी पाच अवघड प्रश्न तोंडी विचारून बघा. तरीही आले, तर हा कोर्स या बॅचसाठी नाही; पुढचा सुरू करा किंवा फी परत करा. फी परत करणाऱ्या क्लासवाल्याची जाहिरात कोल्हापुरात लोकच करतात.

कोणालाच काही आलं नाही, तर आधी प्रश्नांची भाषा तपासा. वेग, दाब, सहनमर्यादा असे छापील शब्द वापरलेत का? खात्यात सगळे स्पीड, प्रेशर, टॉलरन्सच म्हणतात. तेच प्रश्न खात्यातल्या शब्दांत दोघा-तिघांना तोंडी विचारा. तिथेही आलं नाही तर मात्र उद्याचा धडा बदला आणि आज रात्री नवा तयार करायला बसा.